ऐकलेला पॉडकास्ट वर्गापर्यंत कसा पोचवायचा?

एक अख्खं वर्ष मी शिक्षणावरचे पॉडकास्ट नेमाने ऐकले. शाळेत जाता-येता, घरातली कामं उरकताना, रात्री वह्या तपासून झाल्यावर. ऐकलेलं टिपून ठेवायला एक जाड वही केली होती, तीही भरली. वर्ष सरताना ती वही चाळायला बसले, तेव्हा लक्षात आलं की त्यातली एकही गोष्ट माझ्या वर्गात पोचलेली नाही. प्रश्न मी तसेच विचारत होते आणि उत्तरं द्यायला हात वर करणारी पाच-सहा मुलंही तीच होती.

समजावून सांगणारं माणूस चांगलं असलं की ऐकताना सगळं पटत जातं, आणि पटलं म्हणजे आलं असं वाटतं. पण दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला, चाळीस मुलं समोर असताना, ते पटलेलं हाताशी येत नाही. त्या वर्षानंतर मी ऐकण्याची रीतच बदलली. एका वेळी एकच अडचण घ्यायची, तिच्यावरचा एकच भाग ऐकायचा, त्यातून एकच बदल निवडायचा आणि तो एकाच वर्गात दोन आठवडे करून बघायचा. याच क्रमाने पुढचं सगळं लिहिलं आहे.

आधी अडचण लिहून काढा

पॉडकास्टची यादी उघडण्याआधी कागद घ्या आणि तुमच्या वर्गातली सध्याची एक अडचण एका वाक्यात लिहा. ‘मुलं लक्ष देत नाहीत’ हे वाक्य चालणार नाही. ते इतकं मोठं आहे की त्याखाली कुठलाही भाग बसतो आणि ऐकून झाल्यावर नक्की काय करायचं ते कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘तास सुरू झाल्यावर पहिली सात-आठ मिनिटं वह्या काढण्यात आणि जागेवर बसण्यात जातात.’ किंवा ‘वहीत चुका दाखवून देते, पण मुलं त्या वाचतच नाहीत.’ किंवा ‘कालच्या तासाला आलेलं आज कुणालाच आठवत नाही.’

वाक्य बरोबर उतरलं की नाही हे तपासायची सोपी खूण अशी, की तुमच्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसलेल्या माणसाला ती अडचण डोळ्यांनी दिसली पाहिजे. दिसत नसेल तर वाक्य आणखी लहान करा. या कामाला पंधरा मिनिटं लागली तरी लागू द्या, पुढचे कित्येक तास वाचतात.

कोणता पॉडकास्ट कशासाठी

शिक्षकांसाठीचे दर्जेदार पॉडकास्ट इंग्रजीत बरेच आहेत, आणि त्यांचे स्वभाव एकमेकांपासून फार वेगळे आहेत. मी स्वतः ज्यांच्याकडे वळते तेवढेच सांगते.

‘कल्ट ऑफ पेडॅगॉजी’ हा जेनिफर गोन्झालेझ यांचा. त्या पूर्वी शाळेत शिकवत होत्या. २०१३ पासून हे काम चालू असल्यामुळे गटकार्य, मूल्यमापन, वर्गातली शिस्त, वाचन, पालकांशी बोलणं अशा बहुतेक विषयांवर एखादा तरी भाग सापडतोच. शिवाय भागांचा मजकूर लेखी स्वरूपातही मिळतो. कानाला इंग्रजीची फारशी सवय नसेल तर मी याच्यापासूनच सुरुवात करायला सांगेन. आधी मजकूर वाचायचा, मग ऐकायचं. उच्चारांशी झगडण्यात शक्ती जात नाही आणि सगळं लक्ष मुद्द्यावर राहतं.

‘टिप्स फॉर टीचर्स’ हा क्रेग बार्टन या ब्रिटिश गणितशिक्षकाचा. पाहुणा येतो आणि उद्याच्या तासाला करून बघता येतील अशा पाच गोष्टी सांगतो. वेळ कमी आणि अडचण नेमकी असेल तेव्हा हा फार कामाचा. बार्टन यांचाच ‘मिस्टर बार्टन मॅथ्स पॉडकास्ट’ मात्र लांबलचक मुलाखतींचा आहे. डिलन विल्यम यांच्यासारखे अभ्यासक त्यात सावकाश, उदाहरणं देत बोलतात. गणित न शिकवणाऱ्यांनाही त्यातलं पुष्कळ उपयोगी पडतं, पण ते सुट्टीत ऐकायचं काम आहे.

संशोधनाच्या मुळाशी जायचं असेल तर ऑली लव्हेल या ऑस्ट्रेलियन शिक्षकाचा ‘एज्युकेशन रिसर्च रीडिंग रूम’ ऐका. पाहुण्याचं पुस्तक किंवा शोधनिबंध आधी वाचून मगच ते प्रश्न विचारतात, त्यामुळे गप्पा वरवरच्या राहत नाहीत. कामाचा भार आणि मनाचा थकवा हीच अडचण असेल तर अँजेला वॉटसन यांचा ‘ट्रुथ फॉर टीचर्स’ आहे. धोरणं आणि शाळाव्यवस्था यांत रस असणाऱ्यांसाठी ‘हार्वर्ड एडकास्ट’. या शेवटच्यातून उद्याच्या तासासाठी काही मिळेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका.

एकाविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं. एमिली हॅनफर्ड यांचा ‘सोल्ड अ स्टोरी’ २०२२ मध्ये आला. तो युक्त्या सांगणारा पॉडकास्ट नाही, ती शोधपत्रकारिता आहे. चित्र, संदर्भ किंवा पहिलं अक्षर बघून मुलांनी शब्द ओळखावा, ही वाचन शिकवण्याची पद्धत संशोधनाने खोडून काढल्यानंतरही इतकी वर्षं शाळांमध्ये का टिकली, याचा तो माग आहे. आपण वर्षानुवर्षं विश्वासाने करत आलेलं काही चुकीचं असू शकतं, हे पचवायला जड जातं. मला तरी तो ऐकताना दोनदा थांबावं लागलं.

पण त्यातले निष्कर्ष मराठी वाचनाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. इंग्रजीत अक्षर आणि उच्चार यांचं नातं फार अनियमित आहे. देवनागरीत ते बरंच सरळ आहे, आणि आपल्या अडचणी वेगळ्या जागी आहेत: जोडाक्षरं, र-काराची वेगवेगळी रूपं, ऱ्हस्व-दीर्घ, आणि च-ज यांचे दोन-दोन उच्चार. ‘हे जग मोठं आहे’ यातला ‘ज’ आणि ‘शंभर वर्षं जग’ यातला ‘ज’ लिहायला एक, म्हणायला वेगळे. तेव्हा परक्या भाषेतल्या वाचनाबद्दलचा कुठलाही भाग ऐकताना, ‘यातलं भाषेवर अवलंबून काय आणि मुलाच्या शिकण्यावर अवलंबून काय?’ हा प्रश्न स्वतःला विचारत राहा.

पहिल्या दहा मिनिटांत पारख

माईकसमोर आत्मविश्वासाने बोलणारं प्रत्येक माणूस बरोबर बोलत असतंच असं नाही, आणि आवाजाचा परिणाम छापील शब्दापेक्षा जास्त होतो. म्हणून कुठल्याही नव्या पॉडकास्टची पहिली दहा मिनिटं मी फक्त पारखायला ऐकते.

बोलणारी व्यक्ती कोणत्या वयाच्या, किती मुलांना शिकवते हे कळतं का? वीस मुलांच्या वर्गातली सूचना साठ मुलांच्या वर्गात तशीच चालेल असं धरून चालू नका. ‘संशोधन सांगतं’ असं म्हटलं, तर कोणाचं, कधीचं, कोणत्या मुलांवरचं, हेही सांगितलं जातं का? आणि सर्वांत महत्त्वाचं, ही गोष्ट कधी चालत नाही हे कुणी बोलतं का? मर्यादा सांगणाऱ्या माणसाने ती गोष्ट बहुधा स्वतः करून पाहिलेली असते.

दोन दावे कानावर पडले की मी लगेच सावध होते. पहिला, ‘काही मुलं बघून शिकतात, काही ऐकून, काही हाताने करून, म्हणून प्रत्येकाला त्याच्या शैलीने शिकवा.’ २००८ मध्ये पॅशलर, मॅकडॅनियल, रोहरर आणि ब्योर्क या मानसशास्त्रज्ञांनी या कल्पनेमागचा पुरावा तपासला. मुलाच्या शैलीप्रमाणे शिकवल्याने ते जास्त शिकतं, हे सिद्ध करणारा पुरेसा आधार त्यांना मिळाला नाही. दुसरा दावा त्या प्रसिद्ध त्रिकोणाचा: वाचलेलं दहा टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं वीस टक्के, स्वतः केलेलं नव्वद टक्के. याचं मूळ अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांच्या १९४६ मधल्या आकृतीत असल्याचं सांगतात. पण डेल यांच्या आकृतीत टक्केवारी नव्हतीच, ते आकडे नंतर कुणीतरी चिकटवले. शिक्षणावर बोलणाऱ्याला एवढं ठाऊक नसेल तर त्याच्या बाकीच्या आकड्यांवरही मी विश्वास ठेवत नाही.

ॲपची तयारी

यात फार वेळ घालवू नका. अँड्रॉइडवर ‘अँटेनापॉड’ किंवा ‘पॉकेट कास्ट्स’, आयफोनवर त्यातच असलेलं ‘ॲपल पॉडकास्ट्स’, यांतलं कुठलंही चालतं. ‘गुगल पॉडकास्ट्स’ २०२४ मध्ये बंद झालं, त्यामुळे जुन्या लेखांतला तो सल्ला सोडून द्या. बहुतेक पॉडकास्ट मुक्त फीडवरून, म्हणजे कुठल्याही ॲपला वाचता येणाऱ्या भागांच्या यादीवरून, येतात, म्हणून ॲप बदललं तरी ते सहसा दुसरीकडेही मिळतात.

तीनच गोष्टी करा. वायफायवर असताना भाग उतरवून घ्या. दोनपेक्षा जास्त पॉडकास्टचे सदस्य होऊ नका, कारण न ऐकलेल्या भागांचा ढीग दिसला की ऐकण्याचं ओझं होतं. आणि वेग जपून वापरा. ओळखीच्या विषयाला सव्वापट चालेल, पण विचार करायला लावणारा भाग साध्याच वेगाने ऐका. इंग्रजी भरभर वाटत असेल तर वेग थोडा कमी करा, त्यात कमीपणा काही नाही.

ऐकताना

पहिल्यांदा ऐकताना टिपणं काढू नका. चालताना, भांडी घासताना, इस्त्री करताना ऐका. संपल्यावर मात्र लगेच पुढचा भाग सुरू होऊ देऊ नका. ॲपमधली तशी सोय बंदच करून टाका. पाच मिनिटं शांत बसा आणि काही न बघता, आठवतं तेवढं कागदावर लिहा.

ही पाच मिनिटं कंटाळवाणी असतात, पण मुलांना आपण जे सांगतो ते इथे आपल्यालाही लागू आहे. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी १८८५ मध्येच दाखवलं होतं की नवं शिकलेलं सुरुवातीला फार वेगाने विसरलं जातं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात असं दिसलं की तोच मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात काही दिवसांनी जास्त राहतो. कागदावर जे उतरलं नाही ते तुमच्याकडे राहिलेलं नाही, हे तिथल्या तिथे कळतं.

मग दुसऱ्यांदा ऐका, पण अख्खा भाग नाही. तुमच्या अडचणीशी जुळणारी सात-आठ मिनिटं शोधा आणि पेन्सिल हातात घेऊन तेवढीच ऐका. खाली तीन ओळी लिहा. काय करायचं? कोणत्या तासाला करायचं? त्या वेळी मी तोंडाने नक्की कोणते शब्द बोलणार? ही तिसरी ओळ कधीच गाळू नका. वर्गात गडबड सुरू झाली की हेतू विसरतात, पाठ केलेलं वाक्य मात्र तोंडात येतं.

वर्गात नेताना

माझी पहिली अडचण होती, ‘प्रश्न विचारला की तीच पाच-सहा मुलं उत्तर देतात.’ त्यासाठी निवडलेल्या भागात मेरी बड रो या संशोधक बाईंचा उल्लेख आला. विज्ञानाच्या वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून त्यांनी १९७० च्या दशकात एक साधी गोष्ट मोजली होती: शिक्षक प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबतात? बहुतेक वेळा एक सेकंद किंवा त्याहूनही कमी. तो वेळ तीन सेकंदांवर नेला तर मुलांची उत्तरं लांबतात, न विचारता बोलणारी मुलं वाढतात, उत्तरच न देणं कमी होतं.

मी इतकी घाई करत नाही, याची मला खात्री होती. तरीही मोबाइल टेबलावर ठेवून पाचवीचा एक तास ध्वनिमुद्रित केला. (हे करण्याआधी मुख्याध्यापकांची परवानगी घ्या, मुलांनाही सांगा. मुद्रण फक्त स्वतः ऐका आणि काम झालं की पुसून टाका.) विषय अपूर्णांकांची बेरीज. घरी ऐकलं ते असं होतं:

‘एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश. सरळ बेरीज का करता येत नाही? का नाही येत? छेद बघा बरं... छेद कसे आहेत? वेगवेगळे! मग आधी काय करायचं? छेद समान करायचे.’

एका दमात चार प्रश्न, आणि दोन उत्तरं माझीच. मधे एकही मूल बोललेलं नव्हतं. मुलांना संधी देत होते असं मला वाटत होतं, ध्वनिमुद्रणात मात्र माझ्याशिवाय कुणीच नव्हतं.

त्या रात्री तिसरी ओळ लिहिली: ‘प्रश्न ऐका. अजून हात वर करायचा नाही, आधी विचार करा.’ एवढं बोलायचं, मनात एक-दोन-तीन-चार मोजायचं, प्रश्न पुन्हा म्हणायचा नाही, कुणा एकाकडे बघायचं नाही, आणि मगच नाव घ्यायचं.

पहिले तीन दिवस अवघड गेले. वर्गातली चार सेकंदांची शांतता फार मोठी वाटते. काहीतरी बिघडलं असं मुलांना वाटतं, आपल्यालाही वाटतं. सवयीने हात वर करणारी मुलं चुळबुळ करतात. चौथ्या दिवशी तोच एक द्वितीयांश, एक तृतीयांशाचा प्रश्न पुन्हा विचारला आणि थांबले. मग तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीचं नाव घेतलं. ती तोवर आपणहून कधीच बोलली नव्हती. ती आधी वहीकडे बघत राहिली, मग म्हणाली, ‘बाई, तुकडे एका मापाचे नाहीत ना. मोजायचे कसे?’

छेद समान का करायचे, याचं इतकं नेमकं उत्तर मीही कधी वर्गात दिलं नव्हतं.

या प्रयोगातून तीन गोष्टी कळल्या, आणि त्या कुठल्याही बदलाला लागू पडतात. पहिली, बदल एकाच वर्गात करा. सगळ्या तासांना एकदम सुरू केला की दुसऱ्याच दिवशी विसरायला होतं. दुसरी, बदल कुठे नको हेही ठरवा. ‘सात आठे किती?’ याला थांबायची गरज नाही, ते पाठच असायला हवं. थांबायचं ते ‘का’ आणि ‘कसं’ या प्रश्नांना. तिसरी, मोजता येईल असं काहीतरी धरा. मी दर शुक्रवारी दहा मिनिटं ध्वनिमुद्रण करून कागदावर तीन रकाने भरत असे: प्रश्न, थांबले की नाही, कोण बोललं. त्या तिसऱ्या रकान्यातली नावं वाढली की बदल चालतोय. ‘वर्ग छान झाला’ या भावनेवर विसंबू नका. वर्ग छान झाल्यासारखं मला आधीच्या वर्षीही वाटत होतं.

दोन आठवड्यांनी निर्णय घ्या. चालला तर दुसऱ्या वर्गात न्या. नाही चालला तर आधी ‘भागात सांगितल्याप्रमाणे मी केलं का?’ हे विचारा. बहुतेक वेळा बदल फसलेला नसतो, तो अर्धाच झालेला असतो. तरीही नाहीच जमला तर सोडून द्या, आणि वहीत कारण लिहून ठेवा.

सोबत कुणीतरी असू द्या

एकट्याने हे टिकवणं कठीण जातं. तिघं-चौघं सहकारी पुरेत, दहा जणांची गरज नाही. सगळ्यांनी एकच भाग ऐकायचा आणि पंधरा दिवसांतून एका मोकळ्या तासाला वीस मिनिटं बसायचं. आमच्यात एक नियम आहे: ‘भाग आवडला’ असं म्हणायचं नाही. प्रत्येकाने फक्त काय करून बघितलं, मुलांनी काय केलं आणि कुठे अडलं एवढंच सांगायचं. ज्याने काही केलं नसेल त्याने आज ऐकायचं. याने कुणी दुखावत नाही आणि पुढच्या वेळी तो माणूस काहीतरी करून येतो. शक्य असेल तर एकमेकांच्या तासाला दहा मिनिटं मागे बसा. मला प्रश्नांची संख्या मोजून देणारी मैत्रीण मिळाली तेव्हापासून ध्वनिमुद्रणाची गरजही कमी झाली.

मुख्याध्यापकांना एक कळकळीची विनंती. असा गट तयार होत असेल तर त्याला एक मोकळा तास मिळवून द्या, पण अहवाल मागू नका. किती भाग ऐकले याचा तक्ता भरायला लागला की शिक्षक तक्त्यासाठी ऐकायला लागतात.

तोच भाग पुन्हा

साधारण सहा महिन्यांनी, ज्या भागाने काही बदललं तोच भाग पुन्हा ऐका. नव्या भागांच्या मोहात हे राहून जातं.

मेरी बड रो यांच्याबद्दलचा तो भाग मी दुसऱ्या सत्रात पुन्हा ऐकला. पहिल्या वेळी ज्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं असं एक वाक्य त्यात होतं: त्यांनी दोन जागा मोजल्या होत्या. प्रश्नानंतरची शांतता ही पहिली. दुसरी, मुलाने उत्तर दिल्यानंतरची. मूल बोलून थांबतं, तेव्हा ते संपलेलं असतंच असं नाही, पण आपण लगेच ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणतो आणि त्याचं पुढचं वाक्य तिथेच राहतं. तिसऱ्या रांगेतली ती मुलगी ‘मोजायचे कसे?’ म्हणाली, तेव्हा मीही लगेच ‘शाब्बास’ म्हणून फळ्याकडे वळले होते. सध्या माझ्या टाचण वहीत तिसऱ्या ओळीत एकच शब्द लिहिलेला आहे: ‘आणखी?’ तो उच्चारण्याआधी तीन मोजायचे.